शेऱ्याचा रकाना

अहवाल आला. एकशे बारा पानं, गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर नदी. आपली नव्हे,
कुठल्यातरी डोंगरातली, पांढरीशुभ्र, कुणाची कोण जाणे.
तक्ता क्रमांक चौदा: कृष्णा, हरिपूर, संगमाच्या खाली.
विरघळलेला प्राणवायू, वार्षिक सरासरी:
सहा पूर्णांक एक.

दस्तगीरनं चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला.
"सरासरीत मासा जगत न्हाय मॅडम," म्हणाला,
"त्यो त्या दिवसाच्या पाण्यात जगतो."

दस्तगीर नदाफ, नमुना संकलक, रोजंदारीवर,
एकोणीस वर्षं.
लुनाच्या मागं लाकडी खोकं, खोक्यात भुसा,
भुश्यात उभ्या बाटल्या, अंड्यांसारख्या जपलेल्या.
बाटली तिरकी बुडवायची, तोंड प्रवाहाकडं,
काचेचं बूच पाण्याखालीच बसवायचं,
उलटी करून उजेडात धरायची.
एक बुडबुडा राहिला
तर हवेचा श्वास नदीच्या नावावर जमा होतो.
हे मला त्यानं शिकवलं.
माझ्या एम.एस्सी.त ते दीड ओळीत उरकलं होतं.

प्रयोगशाळेत मी ब्युरेटखाली चंबू धरते.
स्टार्चचे दोन थेंब,
आणि पाणी शाळेच्या दौतीसारखं निळं.
मग थेंब, थेंब, थेंब,
आणि कुठल्यातरी एका थेंबाला
निळा निघून जातो.
कुठल्या, ते आधी कधीच कळत नाही.
एप्रिलात तो फार लवकर गेला.
एक पूर्णांक आठ.
मी पुन्हा केलं. एक पूर्णांक आठ.

ते आकडे सरासरीच्या पोटात गेले. ठीक आहे, नियम आहे.
पण त्या दिवशी रजिस्टर उघडलं, त्याचं, मेणकापडाच्या वेष्टनातलं,
आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं:
*पाणी गप. खंड्या आला नाही.*

मागं मागं गेले.
*वाम दिसली नाही.*
*गढूळ, पण बरं आहे.*
*काकवीचा वास, आणि त्याच्यामागं दुसरा एक.*
*बाटली भरताना हात खाजला.*
*आज मुलगी झाली. नमुना वेळेत दिला.*

रविवार धरून चार दिवस टाइप करत बसले.
परिशिष्ट नऊ केलं त्याचं, वर नाव घातलं, पूर्ण नाव.
मुख्यालयातून उत्तर आलं, तत्परतेनं:
*परिशिष्ट नऊ वगळावे. शेरा ही आधारसामग्री नव्हे.
मापनाचे एकक नमूद नाही.*

"खंड्या कशात मोजत्यात?"
दस्तगीरनं खरंच विचारलं. चेष्टा नव्हती त्यात.
मला सांगता आलं नाही.

छापील तक्त्यात तो रकाना आहे अजून.
नमुन्यातच आहे, काढता येत नाही.
जानेवारी ते डिसेंबर, बारा महिने, बारा वेळा:
निरंक.
निरंक.
मी एवढंच वाचलं आणि पान उलटलं.

परवा त्याच्याबरोबर गेले, पहिल्यांदाच अंधारात.
हरिपूरच्या रस्त्यावर चिंचांखाली लुना दोनदा बंद पडली.
घाटाच्या शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं,
त्यानं हात दिला नाही, नुसतं "डावीकडनं" म्हणाला.
बाटली मी भरली. उलटी केली.
बुडबुडा होता.
परत भरली. तिसऱ्यांदा जमलं.

मग त्यानं रजिस्टर माझ्या मांडीवर ठेवलं,
कानामागची पेन्सिल काढून दिली.
"शाई नको. वल्या हातानं पळती."

वारणा येऊन मिळते तिथं पाण्यात एक रेघ दिसते,
थोडा वेळ, मग दिसत नाही.
मी बराच वेळ बसले असेन.
त्यानं दोनदा घड्याळ बघितलं, बोलला नाही.

लिहिलं: *सहा चाळीस. पलीकडच्या काठावर
कुणीतरी खोकलं, ते इथं ऐकू आलं.*

त्यानं वाकून वाचलं, अक्षर लावत लावत.
"एकक?" म्हणाला,
आणि खोकं उचललं.